वेगळ्या खोलीचे नियम

टेमघर, भिवंडी

४ जानेवारी २००९, रविवार

नवी वही. दर वर्षी पहिल्या पानावर ठकुआत्याचे तीन नियम लिहिते, तसे आजही लिहिते. एक, न घडलेलं लिहायचं नाही. दोन, दुसऱ्याचं बोलणं उतरवताना त्यात आपला शब्द घालायचा नाही. तीन, लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं, म्हणजे डोळ्यातून सुटलेली चूक कानाला सापडते.

आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. ती बालवाडीत शिकवायची. मी नऊ वर्षांची होईपर्यंत तिनंच मला घरी शिकवलं, कारण शाळेच्या फाटकाशी पोचलं की मला उलटी व्हायची. आई अजून म्हणते, "तुज्या आत्यानं तुला मानसात आनली." आता मी तेवीस वर्षांची आहे आणि बी.ए. आहे. माणसात आहे की नाही, ते नक्की सांगता येत नाही.

कुणाल एकोणीसचा झाला. तो स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. स्वतःचं वाक्य तो कधी बोलत नाही, ऐकलेलंच बोलतो. तहान लागली की म्हणतो, "भरून ठेवा, उद्या पानी येनार न्हाय." कुणी फार जवळ आलं की बाबांच्या आवाजात ओरडतो, "कंटेनर मागं घे रं, डोले फुटले का?" मानकोलीला आमच्या शेतावर गोडाऊन झालं तेव्हा बाबा एका ड्रायव्हरवर असे ओरडले होते. त्याला पाच वर्षं झाली.

इंटरनेटवर आमचा 'सोबत' नावाचा गट आहे. स्वमग्न मुलांचे आईवडील त्यात पत्रं लिहितात, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि प्रत्येक पत्र सगळ्यांना जातं. सभासद दोनशे बारा. गट नाशिकच्या मनोजसरांनी काढला, पण आलेली पत्रं वाचून पुढे सोडण्याचं काम दीड वर्ष माझ्याकडे आहे. एकही पत्र एका दिवसापेक्षा जास्त अडकलेलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

शेजारच्या कापड कारखान्याचे लूम शुक्रवारी बंद असतात. कुणाल सकाळपासून भिंतीला तळहात लावून बसला होता. भिंत थरथरत नाही म्हणून तो कासावीस होतो. मला मात्र शुक्रवारी कानात कापूस घालावा लागत नाही. एकाच घरात एकाला जो आवाज लागतो तोच दुसऱ्याला नको, त्याला काय करणार?

तुळजाचं पत्र आलं. तुळजा सोलापूरला असते, एकोणतीस वर्षांची, घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. ती कुणाची आई नाही. ती स्वतः स्वमग्न आहे, आणि डॉक्टरांनी ते तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. आमच्या गटात तिच्यासकट असे चार मोठे सभासद आहेत. गटात तिनं 'रोज एक आवाज' सुरू केलं होतं, ऐकलेला एक आवाज लिहून पाठवायचा. बाकीच्यांनी आठवड्यात सोडून दिलं. आता आम्ही दोघीच लिहितो. तिला दिवसाला एकच पत्र आणि एकाच जागी लिहिता येतं. दोन लिहिली तर दुसरा दिवस अंथरुणात जातो. त्या एका पत्रातला अर्धा भाग माझ्यासाठी असतो. मी अकरा वेळा खात्री करून घेतली की मी तिचा वेळ खात नाही. अकराव्या वेळी तिनं लिहिलं, "आता विचारलंस तर खाशील."

काल तिनं ट्यूबलाईटचा आवाज लिहिला होता. ट्यूबलाईट गाते, एकाच सुरात, आणि घरातल्या कुणालाच ऐकू येत नाही. मी उलट लिहिलं की मला येतो. मला वाटायचं सगळ्यांनाच येतो आणि सगळे सहन करतात. गोडाऊनच्या ऑफिसातली नोकरी मी तेरा दिवसांत सोडली ती त्यामुळेच, पण आई लोकांना सांगते की पगार कमी होता.

आजच्या पत्रात तुळजानं विचारलं, "तुला कधी कुणी तपासलं आहे का?"

मी लिहिलं, मी घाबरट आहे, त्याला डॉक्टर लागत नाही. कुणाल सात वर्षांचा असताना ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, तेव्हा माझ्याकडेही बराच वेळ पाहून विचारलं होतं, "ही पहिल्यापासून अशीच?" आई म्हणाली, "ती शहानी हाय." म्हणजे तो प्रश्न तेव्हाच सुटला. कुणालच्या खऱ्या दुःखात माझं उगाचचं मिसळू नये.

१८ जानेवारी, रविवार

आज आईला पहिल्यांदाच गटात पत्र लिहायचं होतं. तिला टाईप करता येत नाही, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. रविवार असल्यामुळे ती कुणालच्या डोक्याला तेल लावत होती. तो तिच्या गुडघ्यांत डोकं देऊन बसला होता.

ती म्हणाली, "लिव. माजा पोर एकोनीस वर्साचा हाय. त्याला मीच न्हाऊ घालतंय. आता माजी कंबर दुकतंय. माज्या मागं त्याला कोन बगल?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तुना कोन बगल, त्याचाच घोर हाय मना. तू लिव. मदी बोलू नको."

मग तिचा हात थांबला. ती रडत म्हणाली, "माज्या आदी देवानं त्याला न्यावा. मंग मी सुखानं डोला मिटीन." आणि पुन्हा तेल लावायला लागली.

मी जसंच्या तसं लिहिलं. नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं, स्वल्पविरामासाठी तीन वेळा. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "पुरं गो बाय, पाठ करून घेतंस काय माज्याकरना?"

पत्र पाठवलं. हे पुढे सोडायला नको, असं क्षणभर वाटलं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या आईचं असतं तर मी सोडलं असतं. आपल्या आईला वेगळा न्याय लावायचा नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आईच्या पत्राला सत्तावीस उत्तरं आली. बहुतेक आयांची. "माझंही हेच मागणं आहे." "ताई, तुम्ही माझ्या तोंडचं बोललात." मी आईला वाचून दाखवली. ती मान हलवत ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "बग, मी एकलीच पापी न्हाय."

अठ्ठाविसावं तुळजाचं होतं. ते मी आईला दाखवलेलं नाही. इथे उतरवून ठेवते.

"हे पत्र माझ्याकडेही आलं. सत्तावीस उत्तरंही आली. ज्यांच्या मरणाबद्दल बोललं जातं आहे त्यांच्यातले आम्ही चार जण इथेच बसून आहोत. तुम्ही रडू नका असं मी म्हणत नाही. पण आमच्या समोर बोलता आहात, हे तुम्हाला माहीत असावं."

सांगलीच्या सावळारामभाऊंनी लगेच लिहिलं, "ताई, तुम्ही वाचता, लिहिता, कमावता. माझी मुलगी स्वतःचा हात चावून रक्त काढते. तुमचं आणि तिचं दुखणं एक आहे असं म्हणू नका. आम्ही इथे रडायचं नाही तर कुठे?" त्यांना नऊ जणांनी दुजोरा दिला. एकानं तर असंही लिहिलं की पडद्याआड कोण बसलंय कुणास ठाऊक, ही मंडळी खरोखरच तशी आहेत कशावरून. ते पत्र मी अडवलं. मग अडवलं म्हणून बेचैन झाले आणि त्या माणसाला कारण कळवलं. त्यानं उत्तर दिलं, "तुम्ही त्यांच्याच बाजूच्या."

मी कुणाच्याच बाजूची नाही. तीच माझी अडचण आहे.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी मी केसांना लावायला तेलाची बाटली उघडली. कुणाल मागे उभा होता. तो म्हणाला, "माज्या आदी देवानं त्याला न्यावा."

आई विहिरीवर होती. तिनं ऐकलं नाही.

मी तीन वेळा वाचलं. आईनं एकदाच म्हटलेलं तो विसरून गेला असता. मी तीन वेळा मोठ्यानं वाचलं.

२२ जानेवारी, गुरुवार

मनोजसरांचा फोन. आधी कुणालची चौकशी, मग कामाचं. तुळजा आणि तिघांनी अर्ज केला आहे: फक्त स्वमग्न सभासदांसाठी वेगळा गट हवा. तिथे आईवडील नसावेत, भाऊबहीण नसावेत, डॉक्टर नसावेत.

"काहीजण म्हणतात, द्या आणि सुटा," सर म्हणाले. "काही म्हणतात, फूट पडेल. मला वाटतं तू ठरव. तुझ्यावर दोन्हीकडच्यांचा विश्वास आहे."

मी म्हटलं, "सर, मला ठरवता येत नाही. मला भाजी पण ठरवता येत नाही."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

वेगळा गट म्हणजे वेगळी खोली. ती झाली तर तुळजा तिकडे जाणार. तिला एकाच जागी लिहिता येतं. मी बहीण आहे, मला तिकडे जागा नाही. मग रोजचा आवाज संपला. म्हणजे "वेगळी खोली नको" असं मी म्हटलं तर ते माझ्या स्वार्थाचं होईल. आणि स्वार्थाचं होईल या भीतीनं "हवी" म्हटलं, तर तेही खरं मत नव्हे. दुपारभर हेच चाललं. भात लागला.

२३ जानेवारी, शुक्रवार

उद्या मानकोलीला काकांच्या करिष्माची हळद. आई म्हणाली, कुणालला न्हाऊ घालायचा, तेल कुठे गेलं? मी म्हटलं, संपलं. बाटली माझ्या कपड्यांखाली आहे. खोटं बोलले. खोटं लिहायचं नाही म्हणून इथे लिहिते.

२५ जानेवारी, रविवार

कालचं लिहिते. लग्न आज आहे, पण आमच्या घरातून फक्त बाबा गेलेत.

मांडव दारात होता, माणसं तीनशेच्या वर. बेंजोचा ताफा वाजायला लागला तसा कुणाल खुश झाला, ढोलाजवळ जाऊन त्यावर तळहात ठेवून उभा राहिला. मला सोसेना. मी काकांच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. प्रत्येक लग्नात मी तिथेच बसते. काकू म्हणते, "हिचा आहेर बाथरूममदी ठेवा."

बेंजो थांबला तेव्हा मी बाहेर आले. धवलारीण म्हातारी लग्नाचे धवले गात होती. करिष्माला पाटावर बसवली होती. सवाशिणींनी वाटीत तेल ओतलं आणि आंब्याच्या पानांनी तिच्या खांद्याला, गुडघ्याला लावायला सुरुवात केली. कुणाल आईच्या शेजारी बसला होता. तेलाचा वास आला असणार. मला ते लक्षात यायला हवं होतं. मी घरातली बाटली लपवली आणि हळदीत तेल असतं हे विसरले.

म्हातारी श्वास घ्यायला थांबली, आणि कुणाल सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलला, "माज्या आदी देवानं त्याला न्यावा. मंग मी सुखानं डोला मिटीन."

आईच्या आवाजात. आईच्या रडण्यासकट.

तेल लावणाऱ्या बाईचा हात तसाच राहिला. काकू म्हणाली, "आगो, हलदीत काय आबद्र बोलतंय यो पोर! कोनाला न्यावा?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मना न्यावा, पन हलदीचा मटन खाल्ल्यावर." थोडी माणसं हसली. ते बरं झालं असतं, तिथेच मिटलं असतं. पण काकू पुन्हा म्हणाली, "अशा पोराला मांडवात आनतात काय? याला शिकवला कोनी यो?"

आई उठली. पदर सावरला. ती म्हणाली, "त्याला कोनी शिकवला न्हाय. यो माजा बोलना हाय. मी माज्या पोराच्या मरनाचा बोलली."

बाबांनी गाडी काढली. करिष्मा पाटावर अर्ध्या तेलात बसलेली होती, तिचा चेहरा मला दिसत राहतो. गाडीत पूर्ण वाटेत एकच वाक्य झालं. अंजूरफाट्याला ट्रॅफिकमध्ये कुणाल म्हणाला, "कंटेनर मागं घे रं, डोले फुटले का?" बाबांना रडू आलं. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलेलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

पाच दिवस आई कुणालशी बोललेली नाही. रागानं नाही. त्याच्यासमोर तोंड उघडायची तिला भीती वाटते. भाकरी पुढे ठेवते, खूण करते.

आज म्हणाली, "त्यानं तसा रडून बोलला, म्हनून मना कललं यो माजा हाय. नुसता बोलला असता तर कललं नसतं."

मी तिला सांगितलं की चूक माझी, मी तीन वेळा वाचलं.

"तू वाचतंस ती बातम्यांवानी," आई म्हणाली. "साधा बोललेला त्याच्या ध्यानात कवा ऱ्हायलाय? कोनी रडून नायतर रागानं बोलला तरच उचलतंय. तुज्या बाबांचा कंटेनर बग ना."

ती माझी समजूत घालत होती. तीन वेळा म्हणजे तीन वेळा.

मग मी तिला तुळजाचं पत्र वाचून दाखवलं, नऊ दिवस लपवलेलं. कुणाल मोरीत होता, तेवढ्यात, हळू आवाजात. आईनं सगळं ऐकलं. म्हणाली, "हिला आई हाय?"

"आहे."

"तिच्या आईला वाचायला देतंय काय ही?"

"माहीत नाही."

"लिव तिला." आणि तिनं सांगितलं: "मी बोलली ते खोटा न्हाय. रोज न्हाय, पन कवा कवा मना तसाच वाटतं. पन तू आयकतंस ह्ये मना म्हाईत न्हवता. माजा पोर आयकतंय ह्येच म्हाईत न्हवता, त तुजा कसा असनार? तू माज्यावर राग धर. पन माज्यासारकीला रडायला येक जागा ऱ्हावदे, जिथं तुमी न्हाय."

मी लिहिलं. मोठ्यानं वाचलं नाही. दुसरा नियम पाळला, तिसरा मोडला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मनोजसरांना कौल कळवला: वेगळी खोली द्यावी. कारण लिहिलं ते असं. वेगळी खोली म्हणजे कुणाला घराबाहेर काढणं नव्हे. आयांना मुलांच्या कानाआड रडता आलं पाहिजे, आणि तुळजासारख्यांना सकाळी टपाल उघडल्यावर स्वतःच्या मरणाची प्रार्थना वाचावी लागू नये. एकाच खोलीत दोन्ही होत नाही. आमच्या घरात झालं नाही.

सरांनी लिहिलं, "पटलं. नियमही तूच कर."

नियम करायला मला पाच दिवस लागतील. मला नियम आवडतात.

८ फेब्रुवारी, रविवार

कुणालच्या तोंडातलं ते वाक्य काढायचं आहे. चुकलेला शब्द आत्या शंभर वेळा बरोबर लिहून घ्यायची, म्हणजे जुना पुसला जातो. मी गेले सहा दिवस रोज त्याच्याजवळ बसून म्हणते, "कुनाल आमचा हाय. कुनाल आमच्यात ऱ्हानार." आज सहाशे पुरे झाले. स्पष्ट उच्चार, एकसारखी गती.

त्यानं एकदाही उचललं नाही. माझ्या तोंडाकडे पाहतो आणि भिंतीला हात लावतो.

नियम झाले. एक, सभासद स्वतः स्वमग्न असावा. दोन, त्यासाठी डॉक्टरांचा कागद हवा. तीन, या गटातलं त्या गटात आणि तिकडचं इकडे नेऊ नये. चार, 'सोबत'चं काम पाहणाऱ्यानं त्या खोलीतल्या सभासदांशी खासगी पत्रव्यवहारही ठेवू नये, नाहीतर इकडच्या पालकांना वाटेल की आपलं बोलणं तिकडे पोचतं.

चौथा नियम मागितला कुणी नव्हता. पण "तुम्ही त्यांच्याच बाजूच्या" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सगळ्यांसाठी नियम करायचा आणि स्वतःपुरती फट ठेवायची, हे आत्याला चाललं नसतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तुळजाला दुसरा नियम मान्य नाही. तिनं काल लिहिलं, "मला तो कागद मिळायला सत्तावीस वर्षं लागली. आमच्यातल्या एकाला अजून मिळालेला नाही, कारण त्याचे वडील म्हणतात असं काही नसतंच. कागद किंवा स्वतःचा शब्द, दोन्हींतलं एक चालावं."

मी विचारलं, शब्द खोटा असला तर?

आज उत्तर आलं, "जे खोटं बोलतील ते इतकी काळजी करणार नाहीत. जे काळजी करत बसतील तेच आमचे."

बदल केला. कागद किंवा स्वतःचा शब्द. वाक्य मला बरोबर वाटलं, पण शब्द देण्याइतकी खात्री माणसाला असते तरी कशी? मला कशाचीच नसते.

चौथ्या नियमाबद्दल तिनं फक्त विचारलं, "हा तू केलास की सरांनी?" मी खरं सांगितलं.

आईच्या पत्राला तिनं वेगळं उत्तर दिलं होतं, एकाच ओळीचं. "मावशी, राग नाही. माझ्या आईला मी हे वाचून दाखवलं, आणि ती उठून आत गेली." आईनं ते चार वेळा वाचून घेतलं, प्रत्येक वेळी कुणाल अंगणात असताना. नंतर म्हणाली, "म्हंजे तिची आईपन."

१५ फेब्रुवारी, रविवार

खोली आज उघडली. ती मीच उघडली, कारण मालक म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. चौघांना आत घेतलं. सहा जण आणखी आले, ज्यांनी दीड वर्षात गटात एक ओळही लिहिली नव्हती. मला वाटायचं ते पालक आहेत. आल्याआल्या त्यांच्यातल्या एकानं लिहिलं, "मला ट्यूबलाईटबद्दल बोलायचं आहे." मग सगळेच बोलायला लागले, कपड्याच्या आतल्या लेबलांबद्दल, पाहुण्यांबद्दल, लग्नात लपायच्या जागांबद्दल. मी वाचत होते. वाचायला नको होतं. नियम करून आठवडा झालेला आणि मी पाऊण तास वाचत होते. लेबलं तर मीही कापते, पण तसं कोण कापत नाही?

मालकी तुळजाच्या नावावर केली. तेवढ्यात तिचं पत्र आलं. तिचं आजचं एकमेव पत्र. ते मी सगळं उतरवत नाही, कारण ते माझं खासगी आहे आणि चौथ्या नियमाआधीचं शेवटचं. शेवट असा होता:

"तू सगळ्यांसाठी जागा मोजून केलीस. उन्नती, तू कुणालची बहीण आहेस ते आम्हाला माहीत आहे. मी दुसरं विचारते आहे. कागद नको, तुझा शब्द पुरे. बाहेर का उभी आहेस? आत ये."

बाटलीप्रमाणे हे कुणापासून लपवायचं नाही, म्हणून मोठ्यानं वाचलं. एकदाच. घरात कुणालशिवाय कुणी नव्हतं.

उत्तर लिहायला संध्याकाळ झाली. लिहिलं की तुझा चांगुलपणा आहे, पण मी फक्त बहीण आहे. ट्यूबलाईट ऐकू येणं म्हणजे काही ते नव्हे. तुमच्या जागेवर बसून मी तुमच्यातल्याच कुणाची तरी जागा अडवीन. पाठवलं. मग त्या खोलीचं 'गट सोडा' दाबलं. ते दोनदा विचारतं, खरंच सोडायचं का. दोन्ही वेळा हो म्हटलं.

डोळे चुरचुरत होते, पडद्याकडे फार वेळ पाहिल्यामुळे. थोडी सर्दीही आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सवयीनं आजचा आवाज ठरवला: लूमचा धोटा बदलताना मध्ये जी एक रिकामी जागा पडते, ती. मग आठवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी तेलाची बाटली आईला परत दिली. कुठे होती ते सांगितलं. ती कुणालला गुडघ्यांत घेऊन बसली आणि झाकण उघडलं. आम्ही दोघी थांबलो.

तो म्हणाला, "माज्या आदी देवानं त्याला न्यावा."

आईचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "व्हय रं बाला. बोल. मीच बोलली." आणि तेल जिरेपर्यंत लावत राहिली. पंधरा दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. चुकीचं लिहिलं. चोवीस जानेवारीपासून एकोणतीस दिवस होतात.

दुपारी करिष्मा आणि तिचा नवरा आले. पेढे घेऊन, आपणहून. करिष्मा आईच्या पाया पडली. म्हणाली, "काकी, त्या दिवशी तू गेलीस, मना आवडला न्हाय." आईनं तिला जवळ घेतलं. मग काका आले, शेजारचे आले, घरात माझ्याशिवाय आठ माणसं झाली आणि सगळी एकदम बोलायला लागली. दिवसाही आमच्या पुढच्या खोलीत ट्यूबलाईट लावावी लागते. मी चहा दिला आणि बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिले. चपला मोजल्या. सतरा. करिष्माच्या नवऱ्याची एक पायरीखाली गेली होती, ती मिळाल्यावर अठरा.

कुणाल दारात आला. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या बाजूला बघत तो म्हणाला, "बाहेर का उभी आहेस? आत ये."

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. ते पुस्तकी बोलणं आहे आणि आवाज माझा होता. "उभी आहेस"च्या पुढे तो थांबला, नाक ओढलं, आणि मग "आत ये" म्हणाला, अर्धवट, जसा घसा दाटल्यावर येतो तसा. सर्दीमुळे मी तेव्हा तसं वाचलं असणार.

सहाशे वेळा म्हटलेलं त्यानं घेतलं नाही, आणि हे एकदाच, साधंच वाचलेलं, घेतलं. का ते मला कळत नाही.

आतून आई म्हणाली, "बग, भाऊ बोलवतंय तुना." मी म्हटलं, तो ऐकलेलं म्हणतोय, त्याच्यात काही नाही. आई चहाचा कप हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली, त्या ठाण्याच्या डॉक्टरबाईंसारखी.

कुणाल दारातून हलेना. त्यानं पुन्हा तेच म्हटलं, तसंच, नाक ओढून. म्हणून मी आत गेले आणि भिंतीला टेकून त्याच्या शेजारी बसले. माणसं बोलत होती. त्यांच्या वर ट्यूबलाईट गात होती, एकाच सुरात.

आजचा आवाज तो. कुणाला पाठवायचा नाही, म्हणून इथे लिहिला. वाचून बघत नाही.